पोवळ्यांच्या गावी

पोवळे हे रत्न मराठी माणसाला अपरिचित नाही. नवरत्नांत त्याला मानाचे स्थान आहे. मंगळाच्या शांतीसाठी ते अंगठीत बसवले जाते. आणि जुन्या घरांतून लहान मुलांच्या गळ्यात पोवळ्याचे मणी हमखास दिसत. पण दागिन्यातले हे तांबडे पोवळे मुळात आपल्या समुद्रातले नव्हे. ते भूमध्य समुद्रातून जहाजांनी येई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने नमूद करून ठेवले आहे की, रोमन लोकांना हिंदुस्थानचे मोती जितके मोलाचे वाटतात, तितकेच हिंदी लोकांना पोवळे मोलाचे वाटते. ज्याला त्याला परक्या समुद्रातले धन प्रिय! वस्तुतः आपल्याही समुद्रात पोवळ्यांचे एक विस्तीर्ण राज्य पसरलेले आहे. तेथील पोवळी दागिन्यात ओवता येत नाहीत. ती जागच्या जागीच पाहावी लागतात, आणि ती पाहायची तर माणसाला पाण्याखाली उतरावे लागते.

पोवळे म्हणजे दगड, झाड की प्राणी, या प्रश्नाने विद्वानांना दीर्घकाळ चकवले होते. १७०६ साली मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने नुकतीच काढलेली पोवळ्याची फांदी समुद्राच्याच पाण्यात ठेवली, तेव्हा तिच्यावर आठ पाकळ्यांची इवलीशी पांढरी फुले उमललेली त्याला दिसली. फुले आहेत त्या अर्थी हे झाड, असा त्याने निर्वाळा दिला. पुढे मार्सेयचा वैद्य पेसोनेल याने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तीच फुले अधिक धीराने न्याहाळली, आणि ही फुले नसून हालचाल करणारे जीव आहेत, असे त्याने पॅरिसच्या विद्वत्सभेला कळवले. थोर निसर्गवेत्ता रेओम्यूर याला हे म्हणणे इतके विपरीत वाटले की, १७२७ साली सभेपुढे ते मांडताना लेखकाची लाज राखावी म्हणून त्याने पेसोनेलचे नावच सांगितले नाही. पंधरा वर्षांनी, १७४२ साली, त्याच रेओम्यूरला आपली चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. पोवळे हा प्राणीच ठरला.

उष्ण कटिबंधातील समुद्रात जे प्रवाळ भिंती बांधतात, ते या तांबड्या पोवळ्याचे भाऊबंद. एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरांचा असतो. पिशवीसारखे शरीर, वर तोंड, आणि तोंडाभोवती स्पर्शकांचा झुबका, एवढाच त्याचा संसार. समुद्रातील चुना घेऊन तो स्वतःभोवती एक पेला तयार करतो. असे लक्षावधी पेले एकमेकांना जोडून प्रवाळाची वसाहत उभी राहते. परंतु हे बांधकाम त्याला एकट्याला पेलणारे नाही. त्याच्या शरीराच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. सूर्यप्रकाशावर हे शैवाल अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालक त्याला आसरा आणि खत पुरवतो. प्रवाळाचे रंगही बऱ्याच अंशी या भाडेकरूचेच. म्हणूनच असे प्रवाळ स्वच्छ, उथळ, उबदार आणि प्रकाशमान पाण्यातच वाढतात. वाढ तरी किती? फांद्यांचे प्रवाळ अनुकूल स्थितीत वर्षाला दहाएक सेंटिमीटर वाढतात. पण भिंतीला भक्कमपणा देणारे गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. पुरुषभर उंचीचा असा गोळा पाण्याखाली दिसला, तर त्याचा आरंभ शतकाहूनही अधिक काळापूर्वी झाला असण्याचा संभव असतो.

भारतात कच्छचे आखात, मन्नारचे आखात, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप ही प्रवाळांची मुख्य ठिकाणे होत. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातही प्रवाळ आहेत, आणि १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. या सर्वांत लक्षद्वीपची गोष्ट निराळी आहे. अन्यत्र प्रवाळ भूमीच्या कडेने वाढले आहेत. लक्षद्वीपमध्ये भूमीच प्रवाळांची आहे. तेथे डोंगर नाही, नदी नाही, काळ्या मातीचे शेत नाही. पायाखाली जे काही आहे, ते सारे प्रवाळांच्या चुन्याचे. सगळ्या बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. आणि प्रवाळभिंतींनी कवेत घेतलेले शांत, उथळ पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर.

भर समुद्रात, जेथे तळ शेकडो मीटर खोल, तेथे उथळ पाण्यात वाढणाऱ्या या जिवांनी कंकणासारखी बेटे कशी उभारली असावीत? या कोड्याचे उत्तर चार्ल्स डार्विन याने सुचवले. १८३६ च्या एप्रिलमध्ये त्याने हिंदी महासागरातील कीलिंग बेटे पाहिली आणि १८४२ साली आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. एखाद्या ज्वालामुखी बेटाच्या कडेने प्रवाळ वाढू लागतात. बेट हळूहळू खचत जाते. प्रवाळ मात्र प्रकाशाच्या ओढीने तितक्याच सावकाश वर वाढत राहतात. अखेर बेट बुडून जाते आणि त्याच्या किनाऱ्याची आठवण म्हणून प्रवाळांचे कडे तेवढे उरते. शंभरांहून अधिक वर्षांनी, १९५२ साली, प्रशांत महासागरातील एनेवेटोक या कंकणद्वीपावर खोल छिद्र पाडण्यात आले, तेव्हा बाराशेहून अधिक मीटर चुनखडकाच्या खाली ज्वालामुखीचा खडक लागला आणि डार्विनच्या तर्काला प्रमाण मिळाले. लक्षद्वीपच्या तळाशी जी समुद्रमग्न पर्वतरांग आहे, तिचा संबंध भूशास्त्रज्ञ रीयुनियनच्या त्याच तप्त स्थानाशी जोडतात, ज्याच्याशी दख्खनच्या काळ्या पाषाणाचाही संबंध जोडला जातो. अशा रीतीने सह्याद्रीचा कडा आणि लक्षद्वीपचे पांढरे कंकण यांचे गोत्र एकच ठरते.

या कंकणांपैकी एक म्हणजे कडमत. कोचीहून सुमारे चारशे किलोमीटर पश्चिमेला असलेले हे बेट नऊ किलोमीटरांहून किंचित लांब आणि जास्तीत जास्त अर्धा किलोमीटर रुंद आहे. प्रवेशाला परवाना लागतो. कोचीहून जहाजाने जावे, अथवा अगत्ती बेटापर्यंत विमानाने जाऊन पुढे बोटीने जावे, असा मार्ग. पश्चिमेला लगूनचे पाचूसारखे पाणी, त्यापलीकडे भिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, आणि तिच्यापलीकडे एकदम गडद निळा समुद्र. पावसाळ्याचे महिने सोडले, तर या निळ्या समुद्रात पाणबुडे उतरतात.

पाण्याखाली माणसाने मोकळेपणाने हिंडावे, ही सोय फार जुनी नाही. मोती काढणारे पाणबुडे एका श्वासावर जात आणि तो संपताच वर येत. पुढे पितळी शिरस्त्राणाचा पोशाख आला. पण तो घालणारा माणूस हवेच्या नळीने होडीला दोरीबंद जनावरासारखा बांधलेला असे. १९४३ साली फ्रान्समध्ये ही नळी तुटली. युद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते आणि मोटारी गॅसवर चालवाव्या लागत होत्या. त्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. नौदलातील अधिकारी जाक कुस्तो याच्या गरजेनुसार तिच्यात बदल करण्यात आले, आणि पाठीवरच्या नळकांड्यातील दाबाखालची हवा, माणूस श्वास ओढील तेव्हाच आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, त्याच्या तोंडात सोडणारे साधन सिद्ध झाले. अशा स्वयंपूर्ण जलांतर्गत श्वसनसाधनाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून ‘स्कूबा’ हा शब्द रूढ झाला. आज सर्वत्र वापरात असलेल्या बारा लिटरच्या नळकांड्यात सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाने भरलेली हवा म्हणजे मोकळ्यावरील चोवीसशे लिटर. माणसाच्या वाट्याला पाण्याखाली येते ती एवढीच शिधोरी.

कडमतच्या लगूनमध्ये प्रथम कमरेइतक्या पाण्यात नवशिक्याला धडे मिळतात. पहिला नियम सोपा आणि कडक: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दुसरा धडा खुणांचा. पाण्याखाली बोलता येत नाही. अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर चला’ असा होतो. ‘सर्व ठीक’ हे सांगायला अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ करून दाखवायचे. तिसरा धडा कानांचा. दोनचार मीटर खाली जाताच पाण्याचा दाब कानाचे पडदे आत लोटू लागतो. तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे आणि आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळवायचा. ज्याला हे जमत नाही, त्याने थांबायचे. जोर करून खाली जाऊ पाहणाऱ्याचा कान त्याला तत्काळ ताळ्यावर आणतो.

मग होडी भिंतीतल्या वाटेने बाहेर पडते. पाणबुड्या काठावर पाठमोरा बसतो, मुखवटा तळव्याने दाबून धरतो आणि मागच्या मागे पाण्यात पडतो. जमिनीवर पाठ वाकवणारे ते ओझे पाण्यात नाहीसे झाल्यासारखे होते. कानांत स्वतःच्याच श्वासाचा आवाज भरून राहतो: आत ओढताना लांब सुस्कारा, सोडताना बुडबुड्यांची खळखळ. पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. त्यामुळे तो कोणत्या दिशेने आला हे कानांना उमगत नाही. डोळ्यांचीही तीच गत. मुखवट्याच्या काचेतून वस्तू खऱ्याहून मोठ्या आणि जवळ दिसतात. रंगही एकेक करून निरोप घेतात. सर्वांत आधी तांबडा जातो. दहा मीटरांवर तांबडा पोशाख मळकट करडा दिसतो. पण त्यावर विजेरीचा झोत टाकताच वरच्या जगातला मूळ रंग क्षणभर परत येतो.

खाली भिंतीच्या उतारावर प्रवाळांचे नाना आकार दिसू लागतात: हरणाच्या शिंगांसारखे, ताटांसारखे, मेंदूच्या वळ्यांसारखे. एका समुद्रफुलाच्या विषारी स्पर्शकांत एक पट्टेदार छोटा मासा बिनघोर नांदत असतो. पाणबुड्या जवळ आला की तो आपल्या टीचभर घरासाठी त्याच्या अंगावर धावून येतो. एका खडकापाशी मोठा गोब्रा जबडा वासून स्थिर उभा असतो, आणि बोटाएवढा एक निळा मासा त्याच्या जबड्यात शिरून दात साफ करीत असतो. जरा पुढे कटकट असा आवाज येतो. पोपटासारख्या चोचीचे मासे प्रवाळाचा खडक खरवडत असतात. खडकावरचे शैवाल खाऊन उरलेला चुना ते बारीक वाळूच्या रूपाने टाकून देतात. ज्या शुभ्र पुळणीवर पर्यटक सकाळी पावले उमटवतो, तिच्यातील बरीचशी वाळू अशा माशांच्या पोटातून गेलेली असते. दूर निळाईत एखादे हिरवे कासव कुणाचीही दखल न घेता तरंगत जाते. या सर्व गर्दीत घाईत असतो तो एकटा नवशिका. तो हातपाय मारतो, धापा टाकतो, आणि सोबत्याच्या कितीतरी आधी आपली शिधोरी संपवून बसतो. मुरलेला पाणबुड्या हात छातीशी धरून, पाय क्वचितच हलवीत, प्रवाळांना धक्का न लावता त्यांच्यावरून तरंगत जातो. त्याच्या फुप्फुसांतील हवाच त्याला वरखाली करते.

खरी कसोटी परतताना असते. पाण्यात दर दहा मीटरांना एक वातावरण दाब वाढतो. दहा मीटरांवर भरून घेतलेला श्वास रोखून जो वर येईल, त्याच्या छातीतील हवा पृष्ठभागाशी येईतो दुप्पट होऊ पाहील आणि फुप्फुसे फाडील. दुसरा धोका याहून लपलेला. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि अंगात मुरतो. वर येण्याची घाई केली, तर सोडावॉटरची बाटली एकदम उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. एकोणिसाव्या शतकात पुलांच्या पायांसाठी नदीच्या तळाशी, दाबाच्या हवेत काम करणारे मजूर वर आल्यावर कळवळत, लुळे पडत, कित्येक दगावत. १८७८ साली पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने या व्याधीचे मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत असल्याचे दाखवले. आणि १९०८ साली इंग्लंडमध्ये हॉल्डेन व त्याचे सहकारी यांनी बोकडांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याचे कोष्टक प्रसिद्ध केले. म्हणूनच आजही पाणबुड्या आपल्या लहान बुडबुड्यांना मागे न टाकता वर येतो, आणि पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबतो. पाण्यातून निघाल्यावर त्याच दिवशी अगत्तीचे विमान पकडणेही त्याला वर्ज्य असते. उंचीवर दाब आणखी कमी होतो. त्याचे शरीर अजून पुरते वर आलेले नसते!

थोडक्यात, पाण्याखाली जे जगते ते सावकाश बदलानेच जगते. हा नियम पाणबुड्याला लागू आहे, तसाच प्रवाळालाही. बेट खचण्याचा वेग आणि प्रवाळ वाढण्याचा वेग यांचा मेळ राहिला, म्हणून ही कंकणे उभी राहिली. आता बदलाचा वेगच पालटला आहे. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आणि शैवाल यांचा जुना करार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर घालवतो आणि स्वतः पांढराफटक पडतो. तो अजून मेलेला नसतो. तो उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शैवाल परतते. न निवले तर त्या पांढऱ्या सांगाड्यावर थोड्याच दिवसांत मळकट शेवाळ चढते.

लक्षद्वीपने ही आपत्ती १९९८ साली पाहिली, २०१० साली पाहिली, २०१६ साली पाहिली आणि २०२४ साली पुन्हा पाहिली. १९९८ नंतर कित्येक ठिकाणी फांद्यांचे नि ताटांचे प्रवाळ पुन्हा जोमाने उठले होते. परंतु उठून उभे राहण्यासाठी जी उसंत लागते, ती पुढे मिळेना. १९९८ पासून जवळजवळ पाव शतक या बेटांचे निरीक्षण करणाऱ्या भारतीय संशोधकांच्या नोंदींनुसार जिवंत प्रवाळांचे आच्छादन या अवधीत सुमारे निम्म्यावर आले. याचा अर्थ पाणबुड्याला आज काहीच दिसत नाही असा नव्हे; मासे आहेत, कासवे आहेत, नवे प्रवाळही मूळ धरतात. मात्र त्याच जागी पूर्वी उतरलेल्या माणसाला जे आठवते, ते नवशिक्याला दिसत नाही. आणि काय दिसत नाही, हेही त्याला कळत नाही.

हा केवळ शोभेचा प्रश्न असता, तर हळहळून सोडून देता आला असता. २०११ च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची वस्ती ६४,४७३. समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असलेल्या त्यांच्या गावांना पावसाळी समुद्रापासून वाचवणारा तट कोणत्याही सरकारने बांधलेला नाही. तो प्रवाळांनी बांधला आहे, आणि दररोज त्याची डागडुजीही तेच करतात. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगत असते, आणि गावातील विहिरी त्याच थरावर चालतात. भिंत झिजली आणि लाटा आत आल्या, तर किनारा जाईल. आणि विहिरी तर किनाऱ्याच्याही आधी खाऱ्या होतील. बेटावरचे कोळी कुपा मासा, म्हणजेच ट्युना, गळाच्या काठीने एकेक करून पकडतात. आमिषाचे छोटे मासे तेवढे ते लगूनमधून घेतात. या पद्धतीमुळे भिंतीवरील माशांवर फारसा भार पडत नाही, आणि शैवाल खरवडणारे मासे टिकले तरच नव्या प्रवाळाला बसायला स्वच्छ खडक मिळतो. कोळ्यांची ही जुनी रीत टिकवणे हेही प्रवाळरक्षणच होय.

समुद्र तापण्याचे कारण जगभरच्या धुरात आहे. कडमतच्या माणसाचा त्यात वाटा नगण्य. म्हणून येणाऱ्या पाहुण्याने आपल्या हातून होण्याजोगे तेवढे तरी करावे, ही अपेक्षा वावगी नाही. १९५६ सालच्या ज्या चित्रपटाने कुस्तोचे नाव जगभर झाले आणि ज्याला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, त्यात माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळभिंतीजवळ सुरुंग उडवल्याचे दृश्य आहे. तोच कुस्तो पुढे समुद्ररक्षणाचा जगातील अग्रगण्य पुरस्कर्ता झाला. जे जवळून पाहिले त्याची काळजी वाटू लागते, हे त्याच्या चरित्रातून दिसते. पण ती वाटायला त्यालाही वेळ लागला. भारतात २००१ सालापासून भिंती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. वाघाला हात लावणे जितके गैर, तितकेच किनाऱ्यावरचा प्रवाळ आठवण म्हणून पिशवीत टाकणेही गैर. पाण्याखाली कोणी शिपाई उभा नसतो. तेथे पायाचा एक निष्काळजी फटका तीस वर्षांची वाढ मोडतो, आणि ती मोडल्याचा आवाजसुद्धा वर येत नाही.

परतताना पाच मीटरांवर जी तीन मिनिटे थांबायचे असते, तेव्हा पाणबुड्याला दुसरे काहीच काम नसते. शिधोरी संपत आलेली असते. वर होडीचा तळ दिसत असतो. खाली पोपटमासे खडक खरवडीत असतात, आणि त्यांच्या मागे वाळूची पांढरी धूळ हळूहळू तळाशी बसत असते. ती धूळ खाली बसेपर्यंत तो तेथेच तरंगत थांबतो. मग तो सोबत्याला अंगठा वर करून दाखवतो, आणि दोघेही सावकाश वर येतात.